समईच्या उजेडांतलें भिंग

२०२५ सालच्या होळीच्या सुमारास आमच्या कल्याणच्या घरीं कुटुंबाची बैठक भरली. बैठक म्हणजे फार मोठें प्रकरण असें मात्र कोणी समजूं नये. आमचें घर एक, पण छपरें तीन. वडील बंधु काका-काकूंसह कल्याणास जुन्या घरांत, धाकटे बंधु डोंबिवलीस, आणि मी ठाण्यास नौपाड्यांत. सणवार, कुळाचार, लग्नमुंजी यांचा खर्च अद्याप सामाईक पेटींतून होतो, आणि त्या पेटीची किल्ली वडील वहिनींच्या कमरेला असते. तेव्हां सामाईक पैशांतून कांहीं मोठें घ्यावयाचें झालें, कीं रविवारीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं माजघरांत बसावयाचें, असा परिपाठ आहे. या खेपेचा विषय होता धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाची मागणी. त्याला कॅमेऱ्यासाठीं नवें भिंग हवें होतें. त्यानें किंमत सांगितली ती ऐकून काकांनीं हातांतला अडकित्ता खालीं ठेविला.

“कॅमेरा घेतला तेव्हां त्याबरोबर भिंग मिळालें होतें ना? तें फुटलें काय?” असा काकांचा पहिला प्रश्न. प्रश्न अगदीं रास्त होता. ज्या ज्या घरांत असा कॅमेरा आहे त्या बहुतेक घरांत तो केव्हां ना केव्हां विचारला जातो, म्हणून या महिन्याचें हें सदर त्याच्या उत्तरालाच दिलें आहे.

भिंग फुटलें नव्हतें, आणि वाईटहि नव्हतें. १८ ते ५५ मिलिमीटरच्या या भिंगाला बाजारांत किट लेन्स म्हणतात. २००३ सालीं कॅननचा ३००-डी हा कॅमेरा निघाला तेव्हां त्याच्या जोडीला असें भिंग दिलेलें होतें, आणि पुढें ही वहिवाटच पडून गेली. हलकें, स्वस्त, जवळचें व थोडें दूरचें दोन्ही दाखविणारें, असें तें असतें. दिवसाच्या उजेडांत त्याला नांवें ठेवण्यास जागा नाहीं. डोंबिवलीस गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकारानें १९९९ पासून गुढीपाडव्याला नववर्षाची स्वागतयात्रा निघते. तिचे चिरंजीवानें फडके रोडवर काढलेले फोटो याच भिंगाचे आहेत. लेझीम खेळणाऱ्या मुलींच्या वेण्यांतली अबोलीसुद्धां त्यांत मोजून घ्यावी. ऊन होतें, तोंवर सर्व ठीक होतें.

घोटाळा झाला तो घरांत. २०२२ सालीं आमच्या आईचें सहस्रचंद्रदर्शन झालें. औक्षणाच्या वेळीं दिव्यांची शोभा दिसावी म्हणून कोणीतरी माजघरांतले विजेचे दिवे मालविले. ताटांत ओळीनें निरांजनें, समोर पाटावर आई. नातसून कांहींतरी बोलली आणि आई मनापासून हंसली. चिरंजीव समोरच होता. त्यानें सतरा फोटो काढले, आणि सतराहि हलले. आई पुढच्या वर्षीं गेली. आज आमच्या तिन्ही घरांत भिंतीवर तिचा जो फोटो आहे तो बँकेच्या कामाकरितां काढलेल्या फोटोवरून मोठा करून घेतलेला आहे. त्यांत ती आमच्या ओळखीची वाटत नाहीं.

बैठकींत या गोष्टीचा उच्चार कोणीं केला नाहीं. परंतु काकू आईहून दोनच वर्षांनीं लहान, आणि त्या तेथेंच वाती वळीत बसल्या होत्या.

फोटो हलतो म्हणजे काय होतें, हें एकदां समजून घेतलें कीं दुकानदाराच्या पुष्कळ बोलण्यांतून आपली सुटका होते. फोटोला ठराविक उजेड लागतो, जसें हंडा भरावयास ठराविक पाणी लागतें. तोटी बारीक असली तर हंडा भरण्यास वेळ लागणार. भिंगाच्या पोटांतलें छिद्र ही त्याची तोटी. हें छिद्र केवढें उघडतें तें भिंगाच्या कडेवर एफ या अक्षरापुढें लिहिलेल्या अंकांनीं कळतें. भिंगाच्या लांबीला या अंकानें भागिलें कीं छिद्राचा व्यास येतो. म्हणून अंक जितका लहान तितकें छिद्र मोठें. किट लेन्स १८ मिलिमीटरवर असतां एफ/३.५ इतकी उघडते, पण समोरच्या माणसाचा चेहरा जवळ आणावा म्हणून ती ५५ वर फिरविली कीं एफ/५.६ च्या पुढें उघडत नाहीं. म्हणजे व्यास दहा मिलिमीटरांनाहि जरा कमीच. १७ ते ५० मिलिमीटरचें जें भिंग दोन्ही टोकांना एफ/२.८ इतकें उघडतें त्याचा व्यास ५० वर जवळजवळ अठरा मिलिमीटर होतो. एफ-अंक निम्मा झाला कीं कॅमेऱ्यांत येणारा उजेड चौपट होतो, हा हिशेब ध्यानांत ठेवावा. बाकीचें विसरलें तरी चालेल.

आईच्या औक्षणाच्या वेळीं कॅमेऱ्यानें सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका वेळ घेतला होता. तेवढ्या वेळांत हंसणाऱ्या माणसाची मान हलते, आणि फोटो काढणाराचा हातहि. उजेड चौपट मिळाला असता तर तोच फोटो सेकंदाच्या साठाव्या भागांत झाला असता. पंधरावा भाग आणि साठावा भाग, सारा वाद एवढ्या अंतराचा आहे.

हा वाद आजचा नव्हे. फोटोच्या आरंभकाळीं माणसाला मिनिटें मोजीत निश्चल बसावें लागे. १८४० सालीं व्हिएन्ना येथें योझेफ पेट्झवाल या गणितज्ञानें गणित मांडून सुमारें एफ/३.६ चें भिंग सिद्ध केलें, आणि मिनिटांचें काम सेकंदांवर आलें. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले छायाचित्रकार. तरीहि पुढें कित्येक वर्षें घरगुती फोटो म्हणजे अंगणांत खुर्च्या टाकून, उन्हाकडे तोंड करून बसणें. आमच्या पणजोबांचा फोटो तसाच आहे. कपाळाला आंठ्या आहेत त्या रागाच्या नसून उन्हाच्या आहेत, असें आजी सांगे. माजघरांत, समईशीं, स्वयंपाकघराच्या दारांत जें घडे त्याचा फोटो कोणाचाच नाहीं. हातांतल्या कॅमेऱ्याला बसणारें, लांबी बदलणारें आणि तरीहि एफ/२.८ इतकें उघडणारें भिंग फॉइग्टलेंडर कंपनीनें १९५९ सालीं झूमार या नांवानें काढलें. तें ३६ ते ८२ मिलिमीटरचें होतें. आमच्यासारख्यांच्या आवाक्यांत अशीं भिंगें यावयास त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षें जावीं लागलीं.

येथें वडील बंधूंनीं आडवा प्रश्न घातला: “हातांतला मोबाईल काय वाईट आहे?” वाईट मुळींच नाहीं, आणि हें मी कॅमेऱ्याच्या बाजूचा असून सांगतों. ज्या घरांत कॅमेरा नाहीं त्यांनीं या लेखावरून तो घेण्याच्या भरीस पडूं नये. आजचा चांगला मोबाईल अंधारांत एकामागून एक अनेक फोटो घेतो आणि ते एकमेकांवर बसवून एक करतो. देवघरांतली मूर्ति, रांगोळी, नैवेद्याचें पान, म्हणजे जें जागचें हलत नाहीं तें, यानें उत्तम येतें. हलणाऱ्या माणसाचे मात्र ते अनेक फोटो एकमेकांवर नीट बसत नाहींत. मग चेहरा मेण लावल्यासारखा गुळगुळीत होतो, किंवा हाताला सहावें बोट फुटल्यासारखें दिसतें. मोबाईलच्या पडद्यावर हें खपून जातें, भिंतीवर लावण्याएवढा फोटो केला कीं खपत नाहीं. कॅमेरा घरांत आहेच, तर त्याला डोळा चांगला द्यावा कीं नाहीं, इतकाच आमच्यापुढचा प्रश्न होता.

बैठकीनें निकाल दिला नाहीं; चौकशी करण्याचें काम माझ्याकडे आलें. निवृत्त माणसाकडे घरांतलीं सर्व चौकशीचीं कामें येतात.

चौकशीला मीं दुकानांत न जातां घरांतच आरंभ केला, आणि वाचकांनींहि तसेंच करावें असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटांत त्याची कुंडली असते: भिंग किती मिलिमीटरवर होतें, छिद्र केवढें, वेळ किती. संगणकावर फोटोची माहिती उघडली कीं ती दिसते. चिरंजीव आणि मी दोन संध्याकाळी बसलों, आणि दिवाणखान्यांतले, माजघरांतले, कार्यालयांतले मिळून जे फोटो होते त्यांची वहींत टिपणें केलीं. निष्पन्न असें झालें, कीं घरांतले निम्म्याहून अधिक फोटो १८ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यान काढलेले होते, कारण खोली लहान आणि माणसें फार. उरलेल्यांतले बहुतेक ५० ते ५५ वर, म्हणजे एकेका माणसाच्या चेहऱ्याचे. मधला पट्टा जवळजवळ ओसाड. खराब झालेल्या फोटोंत शेंवटच्या टोकाचे सर्वांत जास्त.

या वहीनें दोन सल्ले परस्पर रद्द केले. पहिला सल्ला चिरंजीवाच्या मित्रांचा: ५० मिलिमीटरचें, लांबी न बदलणारें, एफ/१.८ चें भिंग घ्या. दहा-अकरा हजारांत काम होतें. भिंग खरोखर गुणी आहे, आणि स्वतंत्र बंगल्यांत राहणारानें तेंच घ्यावें. पण आमच्यासारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो, सुमारें साडेतेवीस मिलिमीटर रुंद. त्या हिशेबानें दहा फुटांवरून ५० च्या भिंगांत जेमतेम साडेचार-पांच फूट रुंदीचा देखावा मावतो. म्हणजे तीन माणसें, तीं खेटून बसलीं तर. १८ मिलिमीटरवर त्याच जागेवरून बारा-तेरा फूट मावतात. डोंबिवलीच्या दिवाणखान्यांत दहा फूट मागें सरकलें कीं माणूस शेजाऱ्यांच्या दारांत उभा राहतो. दुसरा सल्ला एका अनुभवी स्नेह्यांचा: पुढेंमागें मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्याल, तर आतांच २८-७५ किंवा २४-७० चें भिंग घेऊन ठेवा. पुढच्या कॅमेऱ्याच्या आशेवर आजची खोली अर्धी कापावयाची, हें मला पटलें नाहीं. २८ वर दहा फुटांवरून आठ फुटांच्या आसपासच मावतें. पंगत त्यांत कशी यावी?

राहिलीं तीं लहान सेन्सरसाठींच बनविलेलीं, १७-१८ पासून ५० च्या पुढें जाणारीं, दोन्ही टोकांना एफ/२.८ असणारीं भिंगें. कॅमेऱ्याच्या कंपनीचीं स्वतःचीं अशीं भिंगें महाग असतात. सोनीचें १६-५५ तर नवें घेतल्यास लाखाच्या पुढें जातें. टॅमरॉन आणि सिग्मा या दोन जपानी कंपन्या इतरांच्या कॅमेऱ्यांसाठीं भिंगें करतात, आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबाला त्यांचाच आधार आहे. ज्यांचा कॅमेरा नव्या, आरसा नसलेल्या जातीचा आहे त्यांच्यासाठीं दोन्ही कंपन्यांचीं भिंगें २०२१ सालीं निघालीं. सिग्माचें १८-५० अवघें २९० ग्रॅमचें आहे. टॅमरॉनचें १७-७० जास्त दूर पोंचतें, पण त्याचें वजन ५२५ ग्रॅम. मला विचाराल तर लहान कॅमेऱ्यावर सिग्मा. सकाळीं आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर खांद्याला पिशवी लावून जो कधीं लोकलमध्यें चढला आहे त्याला अर्ध्या पावकिलोचें महत्त्व सांगावयास नको. तें कोणकोणत्या कॅमेऱ्यांना बसेल असें निघतें हें मात्र विकत घेण्यापूर्वीं पाहावें. एकाचें भिंग दुसऱ्याला बसत नाहीं.

आमचा कॅमेरा आरशाचा, २०१९ चा. त्याला टॅमरॉनचें १७-५० आहे तें २००६ सालचें. त्याचीच हात-कंप आवरणारी आवृत्ति २००९ सालीं आली. आणि सिग्माचें १७-५०, ज्यांत ती सोय मुळांतच आहे, २०१० सालचें. एफ/१.८ चें सिग्मा १८-३५ हि आहे, २०१३ सालचें, पण तें आठशें ग्रॅमवर जातें आणि ३५ वर संपतें. आमच्या वहींतला चेहऱ्यांचा भाग त्यांत बसत नव्हता.

निकॉनवाल्यांनीं एक गोष्ट मुद्दाम लक्षांत ठेवावी. डी-३००० आणि डी-५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांच्या पोटांत भिंग फिरविण्याची मोटर नाहीं. टॅमरॉनच्या १७-५० ची निकॉनसाठींची पहिली आवृत्तीहि बिनमोटरची होती. मोटर असलेली पुढें २००८ सालीं आली. दिसण्यांत दोन्ही जुळ्या बहिणी. चुकून पहिली घरीं आणली तर नेम हातानें धरावा लागतो, आणि मुंजींत बटूच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत तो धरला जात नाहीं.

हात-कंप आवरणाऱ्या सोयीसाठीं जास्त पैसे द्यावे कीं नाहीं, यावर आमच्या घरीं दोन दिवस काथ्याकूट झाला. शेंवटीं प्रश्न सुटला तो धाकट्या वहिनींमुळें. त्या म्हणाल्या, “ही सोय मंगळागौरीला उपयोगी आहे का?” नाहीं. ही सोय फोटो काढणाराचा हात सांवरते. समोरच्या मुलींना सांवरीत नाहीं. फुगडी घालणाऱ्या मुली थांबवावयाच्या तर सेकंदाचा अडीचशेवा भाग तरी हवा, आणि तो मोठ्या छिद्रानें आणि कॅमेऱ्याची प्रकाशग्राहकता, म्हणजे आय. एस. ओ., वाढवूनच मिळतो. उलट समईपुढें जप करीत बसलेल्या काकू हलतच नाहींत. तेथें हलतो तो आपला हात, आणि तेथें ही सोय फार कामाची. म्हणजे ज्यांच्या घरीं लहान मुलें पुष्कळ आहेत त्यांनीं तीवर पैसे घालूं नयेत. ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत त्यांनीं घालावे. आमच्याकडे दोन्ही आहेत, आणि वृद्धांना थांबावयास वेळ नाहीं.

इतकें ठरल्यावरहि लगेच विकत घेतलें नाहीं. वैशाखांत डोंबिवलीस मेव्हण्यांकडे मुंज होती. त्या दिवसापुरतें सिग्माचें भिंग भाड्यानें आणलें. मुंबईस काय, ठाण्यासहि अशीं भिंगें दिवसाच्या भाड्यानें मिळतात. अनामत ठेवावी लागते. वर्षांतून दोनच कार्यें असणाऱ्या कुटुंबानें खरें म्हटलें तर येथेंच थांबावें आणि विकत घेण्याच्या भानगडींत पडूं नये. भाड्याच्या दिवसानें आम्हांला दोन गोष्टी शिकविल्या. एक, मातृभोजनाचा फोटो, कार्यालयाच्या कोंपऱ्यांत ट्यूबलाइटच्या उजेडांत काढलेला, पहिल्या खेपेला स्वच्छ आला. दुसरी कमी सुखाची. घरच्या मंडळींचा दोन ओळींचा फोटो चिरंजीवानें उत्साहाच्या भरांत एफ/२.८ वरच काढला, आणि पुढची ओळ लख्ख, मागची धुकट, असा प्रकार झाला. छिद्र मोठें केलें कीं नेमकें दिसणारें अंतर आखूड होतें; ५० मिलिमीटरवर सहा-साडेसहा फुटांवरच्या माणसाच्या बाबतींत तें जेमतेम वीतभर. एका चेहऱ्याला वीतभर पुष्कळ झाली. पण ओळीमागें ओळ असेल तर छिद्र एफ/५.६ किंवा त्याहून लहान करून दिवे लावून घ्यावे. मागच्या ओळींत वडील बंधु उभे होते. भिंगाचा विषय निघाला कीं ते अजून त्या फोटोचा उल्लेख करतात.

नाटकगृहाविषयींहि सांगून टाकतों, कारण तशी विचारणा नेहमीं होते. गडकरी रंगायतन किंवा सावित्रीबाई फुले कलामंदिर यांत शाळेचें संमेलन असतें, आणि कन्येचा नाच टिपावा अशी इच्छा असते. या भिंगानें तें होणार नाहीं. पंधराव्या रांगेंतून ५० वर सात मीटर रुंदीचा देखावा येतो. म्हणजे रंगमंच बहुतेक सारा, आणि कन्या नखाएवढी. त्याला लांब पल्ल्याचें भिंग लागतें आणि तें निराळें प्रकरण आहे. पुढच्या रांगेंत जागा मिळवणें स्वस्त पडेल.

नवें घ्यावें कीं जुनें? आरशाच्या कॅमेऱ्यांकडून कंपन्यांचें लक्ष आतां उडालें आहे, त्यामुळें त्यांचीं चांगलीं भिंगें जुन्या बाजारांत निम्म्याहून कमी दरानें येतात. आमच्यासारख्यांना ही संधीच आहे, मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. पहिलें भिंग पाहावयास चिरंजीव आणि मी मुंबईस बोराबाजाराकडे गेलों. विक्रेत्यानें वरून पुसून चकचकीत केलेलें भिंग हातांत दिलें. मीं खिशांतली विजेरी काढून मागच्या बाजूनें उजेड सोडला, तों आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु! ही बुरशी. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस उल्हास नदी, आणि वर चार महिने पाऊस, अशा आमच्या टापूंत ती लोणच्याला लागते तशी कांचेलाहि लागते, आणि एकदां खोल गेली कीं कांचेवरचा लेप खाऊन टाकते. आम्ही नमस्कार करून निघालों.

दुसरें भिंग ठाण्यांतच एका गृहस्थांकडे मिळालें. त्यांनीं नवा कॅमेरा घेतला होता. त्यांच्या घरींच तपासणी केली. विजेरीनें आंतली कांच स्वच्छ दिसली. छिद्राच्या पात्यांवर तेल नव्हतें. मग वर्तमानपत्राचें पान भिंतीला सपाट चिकटवून, कॅमेरा तिपाईवर ठेवून, एफ/२.८ वर फोटो घेतला आणि चारी कोपऱ्यांतलीं अक्षरें ताडून पाहिलीं. कोपरे मध्यापेक्षां थोडे मऊ असतात, त्याचें कांहीं नाहीं. पण एकच कोपरा फार बिघडलेला असला तर आंतली कांच तिरकी बसली आहे असें समजावें. शेंवटीं कपाटांतलीं पुस्तकें टेबलावर पायऱ्यांप्रमाणें तिरपीं मांडून मधल्या पुस्तकावर नेम धरला. आरशाच्या कॅमेऱ्यांत परक्या कंपनीच्या भिंगाचा नेम कधीं कधीं पुढच्या किंवा मागच्या पुस्तकावर जातो, आणि वीतभर खोलीच्या भिंगांत ही चूक डोळ्याऐवजीं कान स्पष्ट दाखविते. आमचा नेम मधल्यावरच बसला. गृहस्थांच्या पत्नींनीं तोंवर दोनदां चहा केला. साडेसोळा हजारांवर सौदा ठरला. मूळ बिल मागून घेतलें. त्यांतले सहा हजार चिरंजीवानें शिकवण्यांच्या पैशांतून दिले, बाकी पेटींतून. नव्या भिंगाची जी किंमत त्यानें होळीला सांगितली होती ती चाळीस हजारांच्या वर होती, हें वहिनींनीं वहींत शेजारींच लिहून ठेवलें आहे.

भिंगाचें वजन ५६५ ग्रॅम. जुन्याच्या अडीचपटींहून अधिक. त्याला कातडी पिशवींत किंवा लाकडी कपाटांत ठेवावयाचें नाहीं, असा घरांत दंडक आहे. घट्ट झांकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आंत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ओलावा दाखविणारें लहानसें घड्याळ. तें ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावें. पुड्यांतले दाणे रंग बदलूं लागले कीं वाळवून पुनः घालावे. श्रावणांत दर आठ दिवसांनीं हें पाहावें लागतें. वहिनींनीं हें काम लोणच्याच्या बरण्यांच्या दिवसाला जोडून दिलें, त्यामुळें विसरत नाहीं.

भाद्रपदांत कल्याणास गौरी आल्या. संध्याकाळच्या आरतीला काकू नऊवारी नेसून, नथ घालून गौरींपुढें उभ्या होत्या, हातांत निरांजन. या वेळीं दिवे कोणी मालविले नाहींत, पण आमच्या माजघरांतला दिवा तो काय! चिरंजीवानें ५० मिलिमीटर, एफ/२.८, सेकंदाचा साठावा भाग, आय. एस. ओ. १६००, असे आठ फोटो काढले. दोन हलले. सहा उत्तम आले, आणि त्यांतल्या एकांत काकू आरतीचें कडवें चुकलेल्या काकांकडे पाहून हंसत आहेत.

तो फोटो मोठा करून आणला तेव्हां काकूंनीं चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, “अरे, नथींतला एक मोती गळालेला दिसतो आहे यांत.” खरोखरच गळालेला होता, कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें. वहिनींनीं तेव्हांच देवघर झाडून पाहिलें, आणि मोती फुलांच्या परडींत, वाळलेल्या तेरड्याखालीं सांपडला.